मारेकऱ्याला काय म्हणायचं? अरबी बातम्यांमधला दहशतवाद

९ नोव्हेंबर २००५ ची रात्र. जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानमध्ये, रॅडिसन हॉटेलात एक लग्नसोहळा रंगात आला होता. वऱ्हाडाच्या गर्दीत शिरलेल्या एका माणसानं अंगावरच्या स्फोटकांच्या पट्ट्याचा स्फोट घडवला. त्याच सुमाराला शहरातल्या आणखी दोन हॉटेलांत स्फोट झाले. साठच्या आसपास माणसं गेली. ग्रँड हयातमध्ये प्रेषितांच्या जीवनावर चित्रपट काढणारे दिग्दर्शक मुस्तफा अक्कद आणि त्यांची मुलगी सापडले. दोघंही वाचले नाहीत. मेलेल्यांत बहुतेक अरब होते, मुसलमान होते. हल्ला केला इराकमधल्या अल-कायदानं, आणि तिचा म्होरक्या अबू मुसाब अल-झरकावी अम्मानजवळच्या झरका गावचाच होता.

त्याआधीची दोन वर्षं हाच झरकावी शेजारच्या इराकमध्ये बाजार आणि प्रार्थनास्थळं उडवत होता. त्या काळात अरबी वर्तमानपत्रांत आणि चॅनेलांवर इराकमधल्या हल्ल्यांसाठी एक मोठा, ऐसपैस शब्द चालायचा: ‘मुकावमा’, म्हणजे प्रतिकार. अमेरिकी सैन्याच्या ताफ्यावर केलेला हल्ला त्यात बसायचा, आणि भाजी घ्यायला आलेल्या शिया बाईला मारणारा हल्लाही त्याच्याच आडोशाला जायचा. अम्मानच्या त्या रात्रीनंतर जॉर्डनमध्ये हा आडोसा उरला नाही. झरकावीच्या अल-खलायले टोळीतल्या ५७ जणांनी देशातल्या मोठ्या वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन त्याच्याशी नातं तोडलं. प्यू या अमेरिकी संस्थेच्या पाहणीत, नागरिकांवरचे आत्मघाती हल्ले कधीमधी समर्थनीय असतात असं मानणारे जॉर्डनी २००५ मध्ये ५७ टक्के होते, २००६ मध्ये २९ टक्के. जून २००६ मध्ये झरकावी मारला गेला तेव्हा जॉर्डनच्या एका खासदारानं त्याला ‘शहीद’ म्हटलं, आणि तो थेट तुरुंगात गेला.

झरकावी तोच होता, त्याची कृत्यंही तीच होती. त्याच्याकडे पाहण्याची चौकट तेवढी बदलली. पत्रकारितेच्या अभ्यासात याला ‘फ्रेमिंग’ म्हणतात. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट एंटमन यांनी १९९३ मध्ये त्याची सोपी फोड करून ठेवली आहे. बातमीची चौकट चार गोष्टी ठरवते: अडचण नेमकी कोणती, ती कशामुळे आली, दोष कोणाचा, आणि आता करायचं काय. यांची उत्तरं बातमीत सरळ लिहिलेली सापडत नाहीत. मथळ्यात, पहिल्या चित्रात, स्टुडिओत कोणाला बोलावलं आणि कोणाला नाही, यात ती मुरलेली असतात. एक अक्षर खोटं न छापताही वाचकाला हव्या त्या उत्तराशी नेऊन सोडता येतं, म्हणून तर हे समजून घेणं भाग आहे.

आपल्याकडे ‘अरब मीडिया’ असं सरसकट बोलतात, जणू तिकडे एकच आवाज आहे. तसं काही नाही. १९९० पर्यंत मात्र जवळजवळ तसं होतं. प्रत्येक देशाचं सरकारी टीव्ही चॅनेल, आणि त्यावर राजा किंवा राष्ट्राध्यक्ष पाहुण्यांचं स्वागत करताना. सद्दाम हुसेननं कुवेत गिळलं तेव्हा सौदी माध्यमांनी ती बातमी काही दिवस दाबून ठेवली होती. सैन्य सीमेवर येऊन ठेपलं तरी लोकांना पत्ता नाही, अशी तऱ्हा.

ही कोंडी १९९६ मध्ये फुटली. बीबीसीचं अरबी टीव्ही चॅनेल सौदी भागीदाराशी बिनसल्यामुळे बंद पडलं, आणि तिथले बरेच पत्रकार कतारच्या अमिरांनी दिलेल्या १३ कोटी ७० लाख डॉलरवर उभ्या राहणाऱ्या नव्या चॅनेलात गेले. तेच अल जझीरा. ‘एक मत आणि दुसरंही मत’ हे त्याचं ब्रीद. अरब प्रेक्षकांनी पहिल्यांदाच आपल्या राज्यकर्त्यांना टीव्हीवर धारेवर धरलेलं पाहिलं, फक्त कतारचे राज्यकर्ते सोडून. याला उत्तर म्हणून सौदी मालकीच्या एमबीसी समूहानं मार्च २००३ मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, दुबईतून अल अरेबिया सुरू केलं. पुढे अबू धाबीतून स्काय न्यूज अरेबिया आलं आणि बैरूतमधून, इराण-हिजबुल्लाच्या बाजूला झुकलेलं, अल मयादीन. ही दोन्ही २०१२ ची. आपण इकडे अल जझीरा पाहतो ते बहुतेक वेळा इंग्रजी, २००६ मध्ये सुरू झालेलं. अरबी अल जझीराचा सूर, शब्द आणि पाहुणे पुष्कळ वेगळे असतात. इंग्रजी पाहून अरबीबद्दल मत बनवणं चुकीचं ठरेल.

पैसा कोणाचा हे कळलं की चौकट अर्धी कळते. उरलेली अर्धी कळायला थोडं खोलात जावं लागतं, कारण काही चौकटी सगळ्याच अरब देशांना समान आहेत.

त्यातली सर्वांत जुनी चौकट कायद्यातच लिहून ठेवलेली आहे. अरब लीगनं एप्रिल १९९८ मध्ये कैरोत दहशतवादविरोधी करार केला. त्याच्या दुसऱ्या कलमात म्हटलंय की परकीय ताब्याविरुद्धचा लढा, अगदी सशस्त्र लढासुद्धा, गुन्हा धरला जाणार नाही. आणि लगेच पुढे अपवाद: कुठल्याही अरब देशाच्या अखंडतेला धक्का लावणाऱ्या कृत्याला ही सूट नाही. म्हणजे इस्रायलविरुद्ध बंदूक उचलली तर प्रतिकार, आणि रियाध किंवा कैरोतल्या सरकारविरुद्ध उचलली तर दहशतवाद. २००८ मध्ये उपग्रह वाहिन्यांसाठी आचारसंहिता आली, तिच्यातही चिथावणीला मनाई करताना प्रतिकाराचा हक्क वेगळा काढला होता. पॅलेस्टाइनचा प्रश्न अरब माणसाच्या मनात किती खोल आहे हे ज्याला माहीत आहे त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही. पण या एका फटीतून नंतर अनेक जण घुसले. झरकावी त्यातलाच.

इथेच अल जझीरा आणि अल अरेबियाच्या वाटा वेगळ्या होतात. इस्रायली गोळीबारात मेलेल्या पॅलेस्टिनी माणसाला अल जझीरा ‘शहीद’ म्हणतं. अल अरेबियानं बराच काळ नुसतं ‘ठार झालेले’ म्हणणं पसंत केलं. ‘दहशतवादाविरुद्धचं युद्ध’ या अमेरिकी शब्दप्रयोगाआधी अल जझीरानं ‘तथाकथित’ जोडलं. अबू बक्र अल-बगदादीच्या टोळीला, म्हणजे आपण जिला आयसिस म्हणतो तिला, अल अरेबिया ‘दाइश’ म्हणत राहिलं, तर अल जझीरानं ‘तंझीम अद-दौला’, म्हणजे ‘दौला संघटना’, हे नाव चालवलं. दाइश हे संघटनेच्या अरबी नावाची आद्याक्षरं जोडून एका सीरियन कार्यकर्त्यानं २०१३ मध्ये बनवलेलं नाव. कानाला ते तुच्छतेचं लागतं, आणि आपण खरोखरचं राज्य आहोत हा त्यांचा दावा त्यात उरत नाही. मोसुलमध्ये हा शब्द उच्चारणाऱ्याची जीभ छाटू अशा धमक्या त्या टोळीनं दिल्या होत्या. न्यूजरूममध्ये अशा शब्दांवरून वाद होतात ते उगाच नाहीत.

पण नुसत्या शब्दांवर अडून राहिलं तर खरा खेळ हातून सुटतो. चौकट मुख्यतः ठरते ती ‘हे कशामुळे झालं’ या प्रश्नावर.

सौदी अरेबियाचं पाहा. १२ मे २००३ ला रियाधमध्ये परदेशी लोक राहतात त्या वसाहतींवर अल-कायदानं हल्ले केले, त्यात तीसहून अधिक माणसं मेली. नोव्हेंबरमध्ये पुन्हा एका वसाहतीवर हल्ला, आणि या वेळी मेलेले बहुतेक अरब कामगार, त्यांची बायकामुलं. सौदी माध्यमांनी हल्लेखोरांसाठी एक नाव धरलं: ‘अल-फिआ अद-दाल्ला’, वाट चुकलेला गट. या एका नावात चारही उत्तरं आली. अडचण काय, तर काही तरुण भरकटले. कारण काय, तर त्यांनी धर्माचा अर्थ चुकीचा घेतला. दोष त्यांचा आणि त्यांना भडकवणाऱ्या बाहेरच्यांचा. उपाय, त्यांना वाटेवर आणणं. पुढे खरोखरच कैद्यांना मौलवींकडून समुपदेशन देणारा सरकारी कार्यक्रम उभा राहिला. बातमीतली चौकट आणि सरकारी धोरण असे हातात हात घालून चालतात.

या चौकटीत एक प्रश्न विचारायला बंदी होती: शाळेतल्या पुस्तकांत, मशिदीतल्या प्रवचनांत, देशाच्या स्वतःच्या धार्मिक शिकवणीत काही बिघाड आहे का? ‘अल वतन’ या सौदी वर्तमानपत्रानं मे २००३ च्या हल्ल्यानंतर तो विचारला. मध्ययुगीन विद्वान इब्न तैमिया यांच्या शिकवणीवर टीका करणारा लेख छापला. संपादकाची नोकरी गेली. तो संपादक म्हणजे जमाल खाशोगी, ज्यांची २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात हत्या झाली. त्या लेखाच्या पुढल्या वर्षी, सप्टेंबर २००४ मध्ये रशियातल्या बेसलानमध्ये दहशतवाद्यांनी ओलीस धरलेल्या शाळेत शेकडो मुलं-माणसं मेल्यावर, अल अरेबियाचे प्रमुख अब्दुलरहमान अल-रशीद यांनी ‘अश्शर्क अल-अवसत’ या वर्तमानपत्रात लिहिलं की सगळे मुसलमान दहशतवादी नाहीत हे नक्की, पण आज जवळजवळ सगळे दहशतवादी मुसलमान आहेत हेही तितकंच नक्की आणि अत्यंत वेदनादायक आहे. हे वाक्य तेव्हाही सरसकट होतं आणि आकडेवारीवर टिकणारं नव्हतं. जगभर ते मुसलमानांविरुद्ध वापरलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. पण अरबी वाचकासमोर, अरबीत, ही आत्मपरीक्षणाची भाषा तेव्हा फार थोडे संपादक बोलत होते.

अल जझीराचं उत्तर वेगळ्या दिशेनं जायचं. तिथे कारणांच्या यादीत अमेरिकेची युद्धं, इस्रायलचा ताबा आणि अरब हुकूमशहांचे तुरुंग वर असायचे. हे सगळं खोटं नव्हतं. इराकमध्ये दाइश उगवण्यामागे अमेरिकी आक्रमण आणि नंतरच्या बगदाद सरकारची सुन्नींशी वागणूक होतीच. अडचण अशी की कारण सांगता सांगता कारण आणि समर्थन यांतलं अंतर कमी होत जातं. ७ ऑक्टोबर २००१ ला अफगाणिस्तानवर बॉम्ब पडायला लागले त्याच दिवशी अल जझीरानं ओसामा बिन लादेनची टेप दाखवली, आणि नंतर वर्षानुवर्षं दाखवत राहिलं. ही बातमी आहे, आम्ही दोन्ही बाजू दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. विरोधक म्हणायचे, तुम्ही त्याला फुकटचा कर्णा दिलात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. माझ्या मते फरक पडतो तो टेपनंतर काय दाखवलं यानं: त्याच्या शब्दाशब्दाला प्रश्न करणारा कोणी बसवला, की नुसताच पुढचा विश्लेषक.

धर्माची चौकट यापलीकडची. ‘अल-इरहाब ला दीन लहू’, दहशतवादाला धर्म नसतो, हे वाक्य अरबी पडद्यावर इतकं येतं की ते आता पार्श्वसंगीतासारखं झालंय. त्याच्या जोडीला ‘खवारिज’ हा शब्द. सातव्या शतकात खलिफा अलींविरुद्ध बंड करून शेवटी त्यांचा खून करणारा हा पंथ. आजच्या टोळ्यांना ‘या काळचे खवारिज’ म्हटलं की त्या इस्लामबाहेर ढकलल्या जातात आणि त्यांच्याशी लढणं हे धर्मकार्य ठरतं. जॉर्डनचा वैमानिक मुआझ अल-कसासबे याला दाइशनं पिंजऱ्यात कोंडून जिवंत जाळलं, आणि त्याचं चित्रण ३ फेब्रुवारी २०१५ ला बाहेर आलं, तेव्हा जॉर्डनच्या माध्यमांनी एका सुरात त्याला शहीद म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे जॉर्डननं साजिदा अल-रिशावीला फाशी दिलं. २००५ च्या अम्मान हल्ल्यात जिचा पट्टा फुटला नाही, आणि चार दिवसांनी जिला सरकारी टीव्हीवर कबुली द्यायला उभं केलं होतं, ती हीच बाई. कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाच्या प्रमुखांनी मारेकऱ्यांना ठार करावं, सुळावर चढवावं, त्यांचे हातपाय तोडावेत असं जाहीर केलं. पण याच अल-अझहरनं दोनच महिन्यांपूर्वी दाइशच्या लोकांना धर्मबाह्य ठरवायला नकार दिला होता. कलमा पढणाऱ्याला काफिर ठरवणं हेच तर दाइश करते, मग आपण तेच कसं करायचं, असा त्यांचा युक्तिवाद. तो मला पटतो. टीव्हीच्या पट्टीवर मात्र एवढं बारीक बोलणं मावत नाही. तिथे फक्त ‘दहशतवादाला धर्म नसतो’ उरतं, आणि मग हे तरुण कुराणातल्या नेमक्या कोणत्या ओळी कशा वाकवतात याची चर्चाच होत नाही.

सरकार चौकट हातात घेतं तेव्हा काय होतं याचं ठळक उदाहरण इजिप्तचं. जुलै २०१३ मध्ये लष्करानं मुस्लिम ब्रदरहुडचं निवडून आलेलं सरकार पाडलं. ऑगस्टमध्ये इजिप्तच्या सरकारी आणि खासगी चॅनेलांच्या कोपऱ्यात एकच पट्टी झळकू लागली: ‘इजिप्त दहशतवादाशी लढतोय’, तीही इंग्रजीत, परदेशी प्रेक्षकासाठी. डिसेंबरात ब्रदरहुडला दहशतवादी संघटना ठरवलं गेलं. त्याच महिन्यात अल जझीरा इंग्रजीचे तीन पत्रकार कैरोच्या हॉटेलातून उचलले आणि त्यांच्यावर दहशतवाद्यांना मदत केल्याचा खटला भरला. सिनाईत १ जुलै २०१५ ला लष्करी चौक्यांवर मोठा हल्ला झाला. लष्करानं १७ जवान गेल्याचं सांगितलं, वृत्तसंस्थांनी त्याच्या कितीतरी पट आकडे दिले. मग परराष्ट्र खात्यानं परदेशी वार्ताहरांना शब्दांची यादीच धाडली: ‘इस्लामवादी’, ‘जिहादी’ म्हणू नका, ‘दहशतवादी’, ‘मारेकरी’ म्हणा. ऑगस्टमध्ये कायदा झाला की दहशतवादी हल्ल्याबद्दल संरक्षण खात्याच्या निवेदनाशी न जुळणारी माहिती छापली तर २ ते ५ लाख इजिप्शियन पौंड दंड. मसुद्यात तर तुरुंगवास होता, पत्रकार संघटनेनं आरडाओरडा केल्यावर तो गेला.

मुंबईकराला यावरून २६/११ आठवेल. ताज आणि नरिमन हाउसभोवतीच्या कॅमेऱ्यांचं थेट प्रक्षेपण हल्लेखोरांच्या पाकिस्तानातल्या सूत्रधारांना उपयोगी पडलं. आपल्याकडेही २०१५ मध्येच केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन, कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणाला बंदी आली, नेमलेल्या अधिकाऱ्यानं वेळोवेळी माहिती द्यायची असं ठरलं. दोन्ही एकाच मापानं मोजू नयेत. आपला नियम कारवाई चालू असेपर्यंतचा आहे, आणि त्यामागे जवानांचा आणि ओलिसांचा जीव आहे. इजिप्तचा कायदा मृतांचा आकडा कोणी मोजायचा हेच ठरवतो. सरकारनं सांगितलेला आकडा तपासणं हा गुन्हा झाला, तर मेलेल्या जवानाच्या आईनं कोणाकडे जायचं?

इराकमध्ये आणखी निराळा प्रकार. सरकारी अल-इराकिया चॅनेलवर ‘फी कब्दत अल-कानून’, म्हणजे ‘कायद्याच्या मुठीत’, असा कार्यक्रम चालायचा. पकडलेल्या दाइशवाल्याला बेड्या घालून स्फोटाच्या जागी आणायचं, कॅमेऱ्यासमोर त्यानं गुन्हा कबूल करायचा, कधी मेलेल्यांचे नातेवाईक समोर उभे करायचे. ते ओरडतात, शिव्या देतात, अंगावर धावून जातात. मानवाधिकार संघटनांनी यावर हरकत घेतली, ती योग्यच होती. कोठडीतली कबुली कशी मिळवतात हे कोणाला ठाऊक नाही? तरीही त्या कार्यक्रमात एक गोष्ट घडत होती जी इतर चॅनेलांवर क्वचित दिसायची: ज्यांचं माणूस गेलं ते लोक बोलत होते.

मला सगळ्यात खटकते ती कटाची चौकट. दाइश ही अमेरिकेची किंवा इस्रायलची निर्मिती आहे, असं अरबी चॅनेलांवरचे कितीतरी ‘तज्ज्ञ’ ठासून सांगत आले. २०१४ च्या उन्हाळ्यात अशी बातमी पसरली की हिलरी क्लिंटन यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात दाइश आम्हीच बनवली अशी कबुली दिलीय. पुस्तकात असं काहीही नव्हतं. तरी नामांकित माध्यमांनी ते छापलं आणि अमेरिकी वकिलातींना खुलासे काढावे लागले. लोक अशा गोष्टीवर का विश्वास ठेवतात हे समजू शकतं. परकीय सत्तांनी या प्रदेशात खरोखरच कट केले आहेत. पण या चौकटीत कारण बाहेरचं, दोष बाहेरचा, त्यामुळे उपायही बाहेरचाच. आपल्या गल्लीतला पोरगा का गेला हा प्रश्नच उरत नाही. २०१४ मध्ये आपल्या कल्याणहून चार तरुण इराकला गेले, तेव्हा त्यांना कोणत्या परकीय हेरखात्यानं नेलं नव्हतं. इंटरनेटवरचा प्रचार पुरला.

शेजाऱ्यांत भांडण झालं की हीच हत्यारं एकमेकांवर उपसली जातात. २४ मे २०१७ ला कतारच्या सरकारी वृत्तसंस्थेच्या साइटवर कोणीतरी घुसून अमिरांच्या तोंडी इराण आणि हमासबद्दल गोड वाक्यं घातली. कतारनं लगेच खुलासा केला. अल अरेबिया आणि स्काय न्यूज अरेबिया तरीही तासन्‌तास तेच वाजवत राहिले. ५ जूनला सौदी, अमिरात, बहरीन आणि इजिप्तनं कतारशी संबंध तोडले, आरोप दहशतवादाला खतपाणी घातल्याचा. मग आलेल्या १३ मागण्यांत एक होती अल जझीरा बंद करा. पुढची साडेतीन वर्षं दोन्हीकडच्या पडद्यांवर ‘दहशतवादाचा पाठीराखा’ हा आरोप रोज इकडून तिकडे फेकला जात होता. जानेवारी २०२१ मध्ये सौदीतल्या अल-उला इथे समेट झाला आणि आरोपांचा सूर लगेच उतरला.

मालकाची चौकट प्रेक्षकांना प्रत्येक वेळी पचतेच असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अल अरेबियाच्या अँकरनं हमासचे खालिद मशाल यांना इस्रायली नागरिकांच्या हत्येबद्दल तोंडावर प्रश्न विचारले, तेव्हा अरब जगात तिचं कौतुक झालं आणि तिला शिव्याही पडल्या. वर्षानं एमबीसीच्या एका वृत्तांतात हमास आणि हिजबुल्लाच्या मारल्या गेलेल्या नेत्यांना दहशतवाद्यांच्या रांगेत बसवलं गेलं. बगदादमधलं एमबीसीचं कार्यालय जमावानं फोडलं, इराकनं परवाना थांबवला, आणि खुद्द सौदी नियामकानं एमबीसीच्या अधिकाऱ्यांची चौकशी लावली.

या सगळ्याची किंमत अरब पत्रकारांनी जिवानं मोजली आहे, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. अल जझीराच्या काबूल कार्यालयावर नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकी बॉम्ब पडला. ८ एप्रिल २००३ ला बगदादच्या कार्यालयावरच्या अमेरिकी हल्ल्यात तारिक अय्यूब गेले. अल अरेबियाचे दोन पत्रकार मार्च २००४ मध्ये अमेरिकी गोळीबारात मेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच चॅनेलच्या बगदाद कार्यालयावर अतिरेक्यांनी गाडीबॉम्ब फोडून सात जणांना मारलं. अतवार बहजत ही इराकी वार्ताहर आधी अल जझीरात होती, मग अल अरेबियात आली. २२ फेब्रुवारी २००६ ला सामर्‍यातली अल-अस्करी मशीद उडवली गेली, ती बातमी द्यायला ती आपल्या गावाकडे धावली. शहरात शिरता येईना म्हणून वेशीवरूनच बोलली. त्याच संध्याकाळी तिला आणि तिच्या दोन सहकाऱ्यांना पळवून नेऊन मारलं. तिच्या अंत्ययात्रेवरही हल्ला झाला.

आता सीरियात काय झालं ते पाहा, कारण सगळ्या चौकटी तिथे एकाच माणसावर येऊन आदळल्या. अबू मोहम्मद अल-जोलानी, अल-कायदाच्या सीरियन शाखेचा, जबहत अन-नुसराचा प्रमुख. डिसेंबर २०१३ मध्ये अल जझीरानं त्याची पहिली टीव्ही मुलाखत घेतली, चेहरा न दाखवता. मे-जून २०१५ मध्ये पुन्हा, दोन भागांत, तेव्हाही चेहरा झाकलेलाच. आम्हाला पाश्चिमात्य देशांवर हल्ले न करण्याची आज्ञा आहे, असं तो म्हणाला. अलावी पंथीयांनी, म्हणजे सीरियाचा राष्ट्राध्यक्ष असद ज्या पंथाचा त्या पंथाच्या लोकांनी, असदची साथ आणि आपली श्रद्धा सोडली तर ते आमचे भाऊ, असंही म्हणाला. सौदी आणि इजिप्शियन बाजूच्या माध्यमांनी अल जझीरावर झोड उठवली: अल-कायदाला माणसाळवून दाखवताय. दमास्कसच्या सरकारी टीव्हीसाठी तर असदविरुद्ध बंदूक उचललेला प्रत्येक जण ‘दहशतवादी’ होता, मग तो जोलानीचा असो नाही तर सैन्य सोडून आलेला साधा शिपाई. सगळ्यांना एकच शब्द लावल्यानं त्या शब्दाचा कसच गेला. खरा अतिरेकी कोण हे सांगायला पुढे लोकांकडे शब्दच उरला नाही.

८ डिसेंबर २०२४ ला असद पळाला आणि त्याच सरकारी टीव्हीवरून बंडखोरांनी विजयाचं निवेदन वाचलं. २९ डिसेंबरला अल अरेबियानं मुलाखत दाखवली. सूट घातलेला, आपल्या खऱ्या नावानं, अहमद अल-शरा म्हणून बसलेला तोच माणूस. निवडणुकांना चार वर्षं लागतील असं सांगत होता. ज्या सौदी बाजूनं २०१५ मध्ये अल जझीराला धुतलं होतं तिनं आता स्वतः त्याला घराघरांत पोचवलं. जानेवारी २०२५ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला, नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं त्याच्यावरचे निर्बंध उठवले. माणूस खरंच बदलू शकतो, हे मी नाकारत नाही. मला हवं आहे ते एवढंच की २०१५ मधल्या त्या अलावींबद्दलच्या वाक्याचं काय झालं, हे कोणीतरी त्याला समोर बसवून विचारावं.

कारण मार्च २०२५ मध्ये सीरियाच्या किनारपट्टीवर असदच्या जुन्या लोकांनी नव्या सुरक्षा दलांवर हल्ले केले आणि त्यानंतर अलावी गावांत घराघरांत शिरून माणसं मारली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं सुमारे १,४०० मृत्यू नोंदवले, बहुतेक नागरिक. त्या दिवसांत नव्या सरकारचा आणि त्याच्या बाजूच्या चॅनेलांचा आवडता शब्द होता ‘फुलूल’, म्हणजे जुन्या राजवटीचे उरलेसुरले. असदच्या टीव्हीवर ‘दहशतवादी’ ज्या कामाला लावला होता त्याच कामाला आता ‘फुलूल’ जुंपला गेला. अल मयादीन आणि इराणच्या बाजूचे पडदे मात्र त्याच गावांची चित्रं दिवसभर दाखवत होते. असदच्या विमानांनी हलबवर, म्हणजे अलेप्पोवर, बॉम्ब टाकले तेव्हा तिथल्या मुलांसाठी त्यांना इतकी जागा सापडली नव्हती.

अरबी येत नसली तरी आज हे ताडून पाहता येतं. एखादा हल्ला झाला की अल जझीराची अरबी साइट, अल अरेबिया, अल मयादीन आणि त्या देशाची सरकारी वृत्तसंस्था ब्राउझरच्या भाषांतरातून उघडायची. मथळ्यात क्रियापद कोणाला चिकटलंय ते बघायचं: ‘अमुक टोळीनं मारले’ की नुसतं ‘मृत्युमुखी पडले’. कोणाचं म्हणणं अवतरणात आहे, कोणाचं बातमीच्याच आवाजात मिसळलंय. आणि मेलेल्यांपैकी कोणाचं नाव, वय, काम कुठे लिहिलंय का, हे शोधायचं. बहुतेक वेळा चारही ठिकाणी मारेकऱ्यांच्या नावावरून चार वेगळी मतं सापडतील आणि मेलेल्यांची नावं एकाही ठिकाणी सापडणार नाहीत. ती स्थानिक फेसबुक पानांवर असतात, शोकसंदेशांत, शाळेच्या गणवेशातल्या फोटोखाली.